गार्टर साप हाताळायची साधनं: हुकाआधी झाकणाचा डबा घ्या

साप पाळणाऱ्यांसाठी जे हाताळणीचे संच मिळतात, त्यात सहसा चार वस्तू असतात: हुक (साप उचलायची वाकड्या टोकाची काठी), लांब दांड्याची पकड, जाड चामडी हातमोजे आणि खाऊ घालायचा चिमटा. हे संच बेतलेले असतात अजगर, बोआ अशा जाड आणि संथ सापांवर. गार्टरसाठी यातला चिमटा तेवढा खरा कामाचा. हुकाचा उपयोग थोडा, हातमोजे वेगळ्या प्रकारचे हवेत, आणि पकड तर नकोच. सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी वस्तू या संचात नसते: तळ असलेला आणि वरून झाकण उघडणारा लपायचा डबा.

असं का, ते गार्टरच्या स्वभावात आहे. हा दिवसा फिरणारा, हालचाल चटकन टिपणारा, अतिशय चपळ साप. नर साधारण ४५ ते ६० सेंमी, मादी त्याहून मोठी, बरेचदा ७५ सेंमीच्या पुढची. पण अंगाने दोघंही सडपातळ. उत्तर अमेरिकेतल्या रानात त्याचे शत्रू पुष्कळ, आणि शिकारी पक्ष्यांसारखे त्यातले कितीतरी वरून झडप घालणारे. म्हणून वरून हात आला की तो आधी पळतो. पळता आलं नाही तर अंग चपटं करतो, इतकं की खवल्यांच्या मधली फिकट कातडी दिसायला लागते. तरीही उचललात तर शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतला उग्र वासाचा स्राव विष्ठेसकट तुमच्या हाताला फासतो. चावणं बहुधा यानंतर येतं. 'तापट' म्हणून ज्या गार्टरची तक्रार होते, त्याचा बहुतेक वेळा पिंजऱ्यात पाठलाग झालेला असतो. त्यामुळे कुठल्याही साधनाला इथे एकच प्रश्न विचारायचा: याने पाठलाग कमी होतो की वाढतो?

डब्याने पाठलाग संपतोच. पण लपायची म्हणून मिळणारी प्रत्येक वस्तू चालत नाही. अर्ध्या ओंडक्याच्या आकाराची किंवा दगडासारखी दिसणारी रेझिनची गुहा शोभेला छान, पण तिला तळ नसतो. ती उचलली की साप एका क्षणात उघड्यावर येतो, डोक्यावर उजेड आणि समोर हात. मग तो जो सुटतो तो काचेवर नाक घासत फिरतो, आणि तुम्ही त्याच्या मागे. अपारदर्शक प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा साधा डबा याहून कितीतरी बरा. मोठ्या सापाला साधारण २० बाय १४ सेंमीचा, ९ ते १० सेंमी उंचीचा पुरतो. यापेक्षा ऐसपैस घेऊ नका. वेटोळं घातल्यावर अंगाला भिंती टेकल्या की साप निवांत बसतो.

डबा विकत घेताना भोक नीट बघा. नराला ३ सेंमी व्यास पुष्कळ झाला, भरदार मादीला ४ सेंमी. भोक आखूड बाजूला, तळापासून दोन-तीन सेंमी वर हवं, म्हणजे आतलं मॉस बाहेर येत नाही. कडेवरून बोट फिरवा. बोटाला खरखर लागली तर पोटाचे खवले तिथे रोज घासणार. बारीक सँडपेपरने कड गोल करून घ्या. आत अर्ध्या भागात ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ), अर्ध्या भागात कोरडा कागद. मॉस भिजवून मुठीत घट्ट पिळायचं, एकही थेंब टपकता कामा नये. ओलावा या डब्यापुरताच ठेवायचा. सगळा पिंजराच दमट राहिला तर पोटाखाली फोड येतात आणि खवले सडायला लागतात. डब्यात मात्र ओलावा असला की कात एकसंध उतरते. मॉस दर आठवड्याला बदला.

बाहेर काढायची पद्धत अशी. साप डब्यात असताना भोकावर तळहात किंवा कापडाचा बोळा ठेवा. डबा आडवाच उचला आणि एखाद्या मोठ्या, उंच कडांच्या टबात ठेवा. झाकण एका बाजूने उघडा आणि अर्धा मिनिट काहीच करू नका. जीभ सावकाश आत-बाहेर व्हायला लागली की हात बाजूने, तळहात वर करून, अंगाखाली सरकवा. डोक्याच्या मागे धरू नका. मूठ वळू नका. साप पुढे चालत राहील. एका हातावरून उतरायच्या आत दुसरा हात त्याच्यापुढे ठेवा, पायऱ्या मांडाव्यात तसा. हे जमिनीवर बसून करा. उभ्याने केलं आणि साप खाली पडला तर त्याला इजा होते, शिवाय तो कपाटामागे जातो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: शेपटी धरून थांबवायचं नाही. अडकलेला गार्टर अंगाला पीळ देऊन गरागरा फिरतो आणि शेपटीचं टोक तुटतं. पालीची शेपटी परत येते, सापाची येत नाही.

वासाचा स्राव सोडला म्हणून घाईने परत ठेवू नका. तसं केलं की सुटकेचा उपाय त्याला सापडला. हात स्थिर ठेवा, तो दहा-पंधरा सेकंद शांत झाला की मग डब्यात सोडा. नवा साप आणल्यावर पहिले सात ते दहा दिवस हात लावायचा नाही, आणि दोन-तीन वेळा नीट खाल्ल्याशिवाय तर नाहीच. सुरुवात तीन ते पाच मिनिटांची, एक-दोन दिवसाआड. पुढे पंधरा मिनिटं पुरे. खाल्ल्यावर ४८ तास, कात टाकण्याआधी डोळे निळसर दुधाळ झालेले असताना, आणि मादी गाभण असताना हाताळणी बंद.

आता चिमटा. २५ ते ३० सेंमी लांब, टोकं बोथट, बांबूचा किंवा रबरी टोपीचा घ्या. दातेरी स्टीलचा टाळा. गार्टर अन्नावर इतक्या जोराने येतो की निशाणा चुकला तर तोंड धातूवर आपटतं. दात आणि हिरडी दुखावली की तोंडाला संसर्ग व्हायला वेळ लागत नाही. चिमट्याचा खरा फायदा मात्र शिकवणीचा आहे. गार्टर जग ओळखतो जिभेने आणलेल्या वासावरून. बोटाला मासळीचा किंवा गांडुळाचा वास असेल तर ते बोट त्याच्या लेखी अन्नच. पाळलेल्या गार्टरचे पुष्कळसे चावे हे रागाचे नसून भुकेचे असतात. म्हणून अन्न नेहमी चिमट्याने, आणि हात लावण्याआधी बिनवासाच्या साबणाने धुतलेले. दोन साप एकत्र असतील तर खाऊ घालताना वेगळे करा. एकच मासा दोन टोकांनी गिळत आले तर मोठा धाकट्यालाही गिळत जातो.

चिमट्यात काय धरता त्याचाही स्वभावाशी संबंध आहे, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. गोल्डफिश आणि रोझी रेड मिनो या माशांमध्ये थायमिनेज असतं. ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं. असेच मासे सतत दिले तर साप झटके देतो, अंग मळसूत्रासारखं पिळतो, तोंड उघडं टाकून उलटा पडतो. पाहणाऱ्याला वाटतं साप बिथरलाय. तो आजारी असतो, आणि त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे नेण्याची घाई असते. गप्पी, ट्राउट, तिलापिया चालतात. मोठी नाइटक्रॉलर गांडुळं चालतात. खताच्या पेटीतली लाल गांडुळं मुळीच नाहीत, ती गार्टरला विषारी ठरतात.

हुकाबद्दल थोडक्यात. जाड साप हुकावर विसावतो, गार्टर त्यावरून पाण्यासारखा ओघळतो. पातळ हुक लपायची जागा बाजूला सारायला किंवा हात घालण्याआधी सापाला हलकेच स्पर्श करून 'आता अन्न नाही' असं कळवायला ठीक आहे. तेवढ्यासाठी कागदाची गुंडाळीही पुरते. लांब दांड्याची पकड या बारीक अंगावर चालवली तर बरगड्या मोडू शकतात. जाड हातमोज्यांत दाब किती पडतोय ते कळत नाही, आणि चामड्यात शिरलेला वास पुढच्या वेळी सापाला आधीच सावध करतो. सुरुवातीचे दिवस स्रावाची शिसारी येत असेल तर पातळ नायट्राइलचे (दवाखान्यात वापरतात तसे रबरी) मोजे घाला आणि वापरून फेकून द्या.

चाव्यासाठी मोजे लागत नाहीत. बारीक ओरखडे उठतात. गार्टरच्या लाळेत सौम्य विष असतं, त्यामुळे काहींना सूज आणि खाज येते, विशेषतः सापाने धरून चघळलं तर. तेव्हा हात ओढू नका, दात मागे वळलेले असतात. तोंडावर थंड पाण्याची बारीक धार सोडा, तो सोडतो. जखम साबणाने धुवा. चावला नाही तरी प्रत्येक वेळी नंतर हात धुवायचेच, सापाच्या अंगावर असू शकणाऱ्या साल्मोनेला जिवाणूंसाठी. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात साप देऊ नये.

इतकं करूनही सगळे गार्टर सारखे निघत नाहीत. २०२० मध्ये कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठाचे मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर यांनी ईस्टर्न गार्टरच्या ४० पिल्लांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही पिल्लं धीट, काही बुजरी निघाली आणि तो फरक टिकून राहिला. शिवाय ती ठरावीक सोबत्यांजवळ जाऊन लपत होती. बुजऱ्या सापाला रोज हाताळून धीट करायचा हट्ट धरू नये. पहिल्यांदाच घेणार असाल तर चेकर्ड किंवा प्लेन्स गार्टर घ्या, पिंजऱ्यातच जन्मलेला. हे दोन प्रकार सहसा लवकर निवळतात. रानातून धरलेला साप घेऊ नका, तो जंतांचं ओझं घेऊन येतो आणि माणसाच्या हाताला फार उशिरा सरावतो. वाँडरिंग गार्टर दुसरे साप खाऊ शकतो, त्याला एकटाच ठेवा.

पिल्लू असेल तर डबाही त्याच्या मापाचा हवा. जन्मतः ते जेमतेम १५ ते २० सेंमीचं, पेन्सिलीहून बारीक. त्याला हाताच्या पंजाएवढा डबा आणि दीड सेंमीचं भोक पुरे. झाकणाच्या कडेला आगपेटीची काडी सरकत असेल तर तो डबा परत करा. त्या फटीतून पिल्लू निसटतं, आणि तेही नेमकं तुम्ही डबा उचलून टबाकडे नेत असताना.