मेक्सिकोचे तेल: ब्रिटनचा खलिता, अमेरिकेचा तज्ज्ञ

१८ मार्च १९३८ला मेक्सिकोने परदेशी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या. तेलाचा मक्ता ‘पेमेक्स’ या सरकारी कंपनीकडे गेला.

ब्रिटनने जप्तीच अमान्य केली, मालमत्ता परत मागितली, वर जुन्या थकबाकीचा तगादाही लावला. हे मेक्सिकोला झोंबले. मे महिन्यात संबंध तुटले ते १९४१पर्यंत. भरपाईचा करार व्हायला १९४७ उजाडले.

अमेरिकेने जप्तीचा हक्क मानला, मोबदल्याचा आग्रह मात्र धरला. दोन्ही देशांनी एकेक तज्ज्ञ नेमला आणि १९४२मध्ये आकडा ठरला: सुमारे २.४ कोटी डॉलर. कंपन्यांना तो तुटपुंजा वाटला. ब्रिटिश बाजूला ८ कोटींहून अधिक मिळाले, पण तिचे उत्पादनही सर्वांत मोठे होते. तरी मला अमेरिकेचीच वाट रास्त वाटते. महायुद्धात शेजारी दुरावला नाही.