पिल्लू चावतंय: ओरडायचं, खेळणं द्यायचं की उठून जायचं?

दोन-तीन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू हात, पाय, ओढणीचं टोक, जे समोर येईल ते चावतं. यात दुष्टपणा नसतो, ते तोंडानेच जग चाचपत असतं. त्यातच साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दुधाचे 28 दात पडून कायमचे 42 येऊ लागतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत हे चालतं. तोवर काय करायचं, यावर मुख्यतः तीन उपाय सुचवले जातात.

ओरडणं. पिल्लं एकमेकांशी खेळताना एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो. आपणही तसंच "आई गं!" म्हणून हात ढिला सोडायचा. काही पिल्लं खरंच दचकून थांबतात, हात चाटू लागतात. पण बऱ्याच पिल्लांना त्या आवाजाने आणखी चेव येतो. दोन-चार वेळा करून पाहा. दात आणखी रुतू लागले तर हा उपाय तुमच्या पिल्लासाठी नाही. घरात लहान मुलं असतील तर मी तो सुचवणारच नाही, त्यांचं किंचाळणं पिल्लाला खेळाचं आमंत्रणच वाटतं.

खेळणं देणं. दात येत असतील तर याला तोड नाही, कारण चावण्याची गरज दाबली जात नाही, तिला योग्य जागा मिळते. शिवाय घरातल्या कुणालाही जमतं. यात एक मेख आहे: प्रत्येक वेळी चावल्यावरच खेळणं मिळालं, तर चावलं की मजा सुरू होते असं पिल्लू शिकतं. म्हणून पिल्लू अंगाशी येताना दिसलं की दात लागण्याआधीच खेळणं पुढे करा. त्यासाठी प्रत्येक खोलीत हाताशी एक हवं. नखाने दाबल्यावर किंचित दबेल इतपतच ते कडक असावं. फडकं भिजवून, पिळून, फ्रीजरमध्ये गार केलं तरी हिरड्यांना आराम पडतो, फक्त ते चावताना लक्ष ठेवा. शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या अणकुचीदार कपच्या होतात. जुनी चप्पलही नको, जुनी कुठली आणि नवी कुठली हे पिल्लाला कळत नाही.

उठून जाणं. दात जोरात लागले की त्याच क्षणी, न बोलता, न रागावता उठायचं आणि दाराआड किंवा जाळीपलीकडे जायचं. 15-30 सेकंद पुरतात. जास्त वेळ गेला तर पिल्लू कारणच विसरतं. हा उपाय परिणामकारक आहे, पण घरातल्या सगळ्यांनी पाळला तरच. एकाने उठून जायचं आणि दुसऱ्याने हाताशी झोंबाझोंबी खेळायची, असं असेल तर पिल्लाचा गोंधळच होतो. पायांमागे धावून घोटे पकडणाऱ्या पिल्लासाठी जाळी आधीच लावलेली हवी.

माझं मत विचाराल तर खेळणं दिवसभर, आणि जोराच्या चाव्याला उठून जाणं. मात्र त्याआधी झोप तपासा. पिल्लाला दिवसाला 18-20 तास झोप लागते. संध्याकाळी अचानक सैरावैरा धावून, डोळे ताठ करून चावणारं पिल्लू बहुतेकदा दमलेलं असतं. तेव्हा वरचं काहीच चालत नाही, शांत जागी झोपवणं चालतं.

नाकावर चापट, तोंड दाबून धरणं, उताणं पाडून दाबणं हे प्रकार कृपया करू नका. पिल्लू हाताला घाबरू लागतं, आणि गुरगुरण्याबद्दल मार मिळाला तर गुरगुरणं सोडून थेट चावायला शिकू शकतं.

खाण्याच्या भांड्याजवळ गेल्यावर पिल्लाचं अंग ताठ होत असेल, नजर रोखली जात असेल, तर ते खेळातलं चावणं नाही. तिथे पशुवैद्यांचा सल्ला घ्या. आणि दाताने कातडी फुटली, अगदी ओरखडा असला तरी, जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुऊन डॉक्टरांना दाखवा. रेबीजची पहिली लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात, तोवर घरचं पिल्लू म्हणून निर्धास्त राहू नका.