लठ्ठपणाचा आलेख: रेषा की स्तंभ?
खानापूरच्या मराठी शाळेत शिकणारी भाची प्रकल्पासाठी अडून बसलीय: रेषालेख की स्तंभालेख? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २५ किंवा जास्त, म्हणजे जादा वजन किंवा लठ्ठपणा असलेल्या भारतीय स्त्रिया २००५-०६ मध्ये १२.६ टक्के, २०१५-१६ मध्ये २०.६, २०१९-२१ मध्ये २४. सारख्या अंतरावर स्तंभ काढले की दुसरी उडी बारकी दिसते, वाढ मंदावली असं वाटतं. पण पहिलं अंतर दहा वर्षांचं, दुसरं जेमतेम निम्मं! रेषालेखात वर्षं मापानं मांडली की चढ जवळजवळ तसाच. आलेखवहीचे चौकोन मोजायचा ताप आहे, तेवढा घ्यावा. स्तंभ मात्र शून्यापासूनच उभारायचे. बूड कापलं की फरक उगाच फुगतो. २०१९-२१ मधल्या शहरी स्त्रिया ३३.२ टक्के विरुद्ध ग्रामीण १९.७ दाखवायला स्तंभ, काळाचा चढ दाखवायला रेषा.