फ्रेम निवडताना तिची पाठ पाहावी : दहा महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यातील आमच्या घरात दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत जाणाऱ्या पॅसेजच्या भिंतीवर नऊ छायाचित्रे लावावीत आणि ती ऋतूनुसार बदलत राहावीत, या हेतूने गेल्या जूनच्या आरंभी मी तीन-चार प्रकारच्या मिळून नऊ तयार फ्रेम घेतल्या. सह्याद्रीच्या भटकंतीत काढलेली छायाचित्रे वर्षानुवर्षे संगणकातच पडून राहतात, याची मला मनापासून खंत होती. या दहा महिन्यांत प्रत्येक फ्रेम किमान पाच वेळा उघडली आणि पुन्हा बंद केली. त्यामुळे पुढील मते दुकानात पाहून नव्हे, तर हाताळून बनलेली आहेत.

आपल्याकडे फ्रेम ही एकदा बंद करून कायमची टांगायची वस्तू आहे. देवांच्या तसबिरी आणि पूर्वजांचे फोटो यांसाठी कारागीर मागून हार्डबोर्ड बसवतो, बारीक चुका ठोकतो आणि वरून ब्राउन पेपर चिकटवतो. धूळ आणि कीड आत जाऊ नये यासाठी ही पद्धत उत्तम आहे आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या अशा तसबिरी आजही घराघरांत सुस्थितीत दिसतात. मात्र चित्र बदलायचे तर कागद फाडून, पकडीने चुका उपटून सगळे काम नव्याने करावे लागते. १२ × १८ इंचाच्या अशा फ्रेमसाठी मला ९५० रुपये सांगितले गेले होते. त्याच मापाच्या तयार फ्रेम ३८० ते ५०० रुपयांत मिळाल्या.

तयार फ्रेम घेताना बहुतेक जण पट्टीचा रंग आणि नक्षी पाहतात. मीही तेच पाहिले होते. आज मी प्रथम फ्रेम उलटी करून पाहतो, कारण ती सहज बदलता येईल की नाही हे पूर्णपणे पाठीमागच्या रचनेवर ठरते. माझ्या चार फ्रेमना वाकवायच्या पातळ पत्र्याच्या जिभा होत्या. धातू एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवला की तो कडक होत जातो आणि अखेर तुटतो. दिवाळीपर्यंत दोन फ्रेमच्या मिळून पाच जिभा तुटल्या. तीन फ्रेमना स्क्रूभोवती फिरणाऱ्या खिट्ट्या आहेत आणि त्या आजही पहिल्या दिवसासारख्या चालतात. फार तर एखादा स्क्रू अर्धा फेरा आवळावा लागतो. दोन फ्रेम पुढून उघडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या आहेत, त्यांच्याविषयी पुढे लिहितो. पाठीच्या फळीकडेही लक्ष द्यावे. एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याची फळी पावसाळ्यात फुगते, आणि ती मुळातच घट्ट बसवलेली असेल तर जुलैमध्ये निघता निघत नाही. माझ्या एका फ्रेमची फळी सुरीच्या टोकाने उचकटावी लागली आणि त्यात कोपरा दुखावला. चारही बाजूंनी साधारण एक मिलिमीटर मोकळी असलेली फळी निवडावी.

पुढे काच की ॲक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिक), या प्रश्नाचे उत्तर मला तरी सोपे वाटते. १२ × १८ इंचाच्या, दोन मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन पाऊण किलोच्या आसपास भरते, ॲक्रिलिकचे त्याच्या निम्म्याहून कमी. वारंवार काढ-घाल करायची असेल आणि घरात लहान मुले असतील, तर ॲक्रिलिकच घ्यावे. त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि कोरड्या फडक्याने घासल्यास ते उलट धूळ ओढून घेते, म्हणून किंचित ओल्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसावे. स्पिरिट किंवा अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रव त्यावर कधीही वापरू नये; त्याने बारीक तडे जातात.

सर्वांत महाग पडलेली चूक मात्र वेगळीच होती. हौसेने १२ × १८ ची एक पूर्ण आकाराची प्रिंट मी माउंटविना (म्हणजे प्रिंटच्या पुढे बसणाऱ्या, मधे खिडकी कापलेल्या जाड चौकटीविना), थेट ॲक्रिलिकला टेकवून लावली होती. लॅबमधून येणाऱ्या छायाचित्रीय कागदावर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो ओलावा शोषून मऊ होतो आणि समोरच्या गुळगुळीत पृष्ठभागाला चिकटतो. ऑगस्टअखेर ती प्रिंट सोडवताना आकाशाचा एक तुकडा ॲक्रिलिकवरच राहिला. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी तरी माउंटला केवळ सजावट समजू नये. दीड मिलिमीटर जाडीचा माउंट प्रिंट आणि ॲक्रिलिक यांच्यात हवेची फट ठेवतो, आणि त्या फटीवरच प्रिंटचे आयुष्य अवलंबून असते. माउंट आम्लरहित कागदाचा मागावा, कारण साधा पुठ्ठा काही वर्षांत पिवळा पडून प्रिंटलाही डाग देतो.

माउंटचा दुसरा लाभ मापांचा आहे. प्रमाणपत्रांसाठी ए-४ मापाच्या स्वस्त फ्रेम सर्वत्र मिळतात, पण ८ × १२ इंचाची प्रिंट त्यांत बसत नाही. ती जवळजवळ आठ मिलिमीटरने लांब आणि सात मिलिमीटरने अरुंद असते. कॅमेऱ्याचे चित्र सहसा ३:२ प्रमाणाचे, तर मोबाइलचे ४:३ प्रमाणाचे असते. त्यामुळे मी आता बाहेरचे माप सगळीकडे १२ × १८ ठेवले आहे आणि खिडकीचे तीन प्रकारचे माउंट कापून घेतले आहेत : ८ × १२, ९ × १२ आणि आठ इंचांचा चौरस. खिडकी प्रिंटपेक्षा प्रत्येक बाजूने तीन मिलिमीटर लहान कापावी. प्रिंट डिंकाने किंवा सेलोटेपने चिकटवण्याऐवजी जुन्या अल्बममध्ये असत तसे कागदी कोपरे वापरल्यास ती पाच सेकंदांत निघते आणि दमट हवेत प्रसरण पावायला तिला जागाही राहते.

ॲल्युमिनियमच्या फ्रेम म्हणजे लिफ्टमध्ये सूचना लावण्यासाठी असतात त्या स्नॅप फ्रेम. चारही कडा पुढून उघडतात, भिंतीवरून उतरवण्याची गरजच पडत नाही आणि बदल दोन मिनिटांत होतो. सोयीच्या बाबतीत त्यांना तोड नाही. तथापि त्यांच्या कडा प्रत्येक बाजूने सुमारे एक सेंटिमीटर चित्र झाकतात आणि त्यांत जाड माउंट मावत नाही. म्हणून त्यांत मी केवळ रुंद पांढरी किनार ठेवून मॅट कागदावर छापलेली चित्रे लावतो.

टांगण्यासाठी चिकट हुक मी पावसाळ्यातच बाद केले, कारण ओलसर भिंतीचा रंगच त्यांच्यासह सुटून येतो. प्रत्येक फ्रेमला दोन स्क्रू आणि दोन कड्या दिल्यापासून ती काढून पुन्हा अडकवली तरी तिरकी होत नाही.

जिभा तुटलेल्या दोन्ही फ्रेम टाकून दिलेल्या नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातून छोट्या खिट्ट्या आणि स्क्रू आणून बसवले. दोन्हींना मिळून ८० रुपये लागले, आणि सध्या त्या दोघींत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची दोन छायाचित्रे आहेत.