कर्नलची मेमरी वेगळी ठेवणारी केपीटीआय: चालू ठेवावी, बंद करावी की सर्व्हरच बदलावा?

हिंजवडीतील एखाद्या मोठ्या कंपनीने बदलून टाकलेले इंटेलच्या हॅसवेल किंवा ब्रॉडवेल पिढीच्या झिऑन प्रोसेसरांचे सर्व्हर पुण्यातील छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि पतसंस्थांच्या कार्यालयांत पुढेही वर्षानुवर्षे राबत राहतात. त्यांवर लिनक्स चालवणाऱ्या प्रशासकापुढे तीन पर्याय असतात: केपीटीआय (कर्नल पेज टेबल आयसोलेशन, म्हणजे कर्नलची, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, मेमरी प्रोग्रामांपासून वेगळी ठेवणारी लिनक्सची सुरक्षा सोय) चालू ठेवणे, वेगासाठी ती बंद करणे, किंवा तिची गरजच नसलेला प्रोसेसर घेणे. यांतील निवड वेगाच्या आकड्यांवरून करण्याआधी त्या यंत्रावर कोणाकोणाचा कोड चालतो हे पाहावे, असे माझे मत आहे.

२०१८ पर्यंत कर्नलची सगळी मेमरी प्रत्येक प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) पेज टेबलमध्ये, म्हणजे प्रोग्राम वापरतो ते पत्ते प्रत्यक्ष मेमरीशी जोडणाऱ्या तक्त्यात, नोंदलेली असे आणि वापरकर्त्याच्या प्रोग्रामला ती वाचू न देण्याची जबाबदारी प्रोसेसरच्या परवानगी तपासणीवर असे. ३ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झालेल्या मेल्टडाउन या प्रोसेसरमधील सुरक्षा त्रुटीने दाखवून दिले, की इंटेलचे तेव्हाचे बहुतेक प्रोसेसर ही तपासणी पूर्ण होण्याआधीच वाचलेली माहिती पुढच्या सूचनांना वापरू देतात आणि तिच्या खुणा कॅशमध्ये (प्रोसेसरच्या जलद तात्पुरत्या साठ्यात) उरतात. ऑस्ट्रियातील ग्राझ तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये कर्नलचे पत्ते लपवण्यासाठी कैसर नावाची पद्धत मांडली होती. तीच येथे कामी आली आणि लिनक्स ४.१५ मध्ये केपीटीआय म्हणून रुजू झाली. आता प्रत्येक प्रोसेसला दोन पेज टेबले असतात आणि प्रोग्राम चालू असताना वापरल्या जाणाऱ्या टेबलमध्ये कर्नलमध्ये शिरण्या-बाहेर पडण्यापुरताच भाग दिसतो. कर्नलच्या टेबलमध्ये वापरकर्त्याची पाने ‘चालवता न येणारी’ म्हणून नोंदवलेली असतात, त्यामुळे बाहेर पडताना टेबल बदलायचे राहिले तर प्रोग्राम तिथल्या तिथे कोसळतो आणि चूक लपून राहत नाही. मला ही रचना विशेष आवडते.

केपीटीआय चालू ठेवण्याची किंमत प्रत्येक सिस्टिम कॉलला (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागणीला) आणि प्रत्येक इंटरप्टला (हार्डवेअरने मध्येच दिलेल्या हाकेला) मोजावी लागते. आत जाताना एकदा आणि परतताना एकदा टेबल बदलावे लागते, आणि लिनक्सच्या दस्तऐवजानुसार हा बदल प्रोसेसरच्या सुमारे शंभर सायकलींच्या घरातला असतो. शिवाय दर प्रोसेसमागे ४ केबी मेमरी अधिक लागते. सतत लहान लहान वाचन-लेखन करणाऱ्या डेटाबेसला किंवा नेटवर्कवरील असंख्य छोटी पॅकेटे हाताळणाऱ्या सेवेला हे जाणवते, तर तासन्‌तास आकडेमोड करणाऱ्या प्रोग्रामला जवळजवळ नाही. प्रोसेसरमध्ये पीसीआयडी (पत्त्यांच्या नोंदी कोणत्या टेबलच्या आहेत हे ओळखण्याची सोय) असेल तर टेबल बदलताना टीएलबी, म्हणजे अलीकडे वापरलेल्या पत्त्यांच्या नोंदींचा जलद साठा, दर वेळी रिकामे करावे लागत नाही आणि तोटा बराच आटोक्यात राहतो. हॅसवेलमध्ये ही सोय आहेच. मात्र क्यूएमयू या आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरील व्हर्च्युअल मशीनला सँडीब्रिज किंवा आयव्हीब्रिज हे प्रोसेसरचे मॉडेल दिले असेल, तर पीसीआयडी वेगळी चालू करावी लागते. केपीटीआयमुळे यंत्र मंदावल्याची तक्रार करण्याआधी एवढे जरूर तपासावे.

बंद करण्याच्या पर्यायातली अडचण अशी, की जिथे ती बंद करणे सर्वांत सुरक्षित, तिथे फायदा बहुधा सर्वांत कमी असतो. एकाच संशोधकाच्या आकडेमोडीच्या यंत्रावर परका कोड नसतो, पण तिथे वाचणारा वेळही नगण्य असतो. उलट विद्यार्थ्यांना लॉगिन दिलेल्या महाविद्यालयीन सर्व्हरवर ती बंद करण्याचा विचारही करू नये. अनेक ग्राहकांचे कंटेनर (एकमेकांपासून वेगळे ठेवलेले प्रोग्रामांचे कप्पे) एकाच यंत्रावर चालवणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण सगळे कंटेनर एकच कर्नल वापरतात. बंद जाळ्यामागे एकटाच उभा असलेला, फक्त आपलाच कोड चालवणारा डेटाबेस सर्व्हर हाच मला पटणारा अपवाद. तिथेही ‘नोपीटीआय’ हा बूट पॅरामीटर वापरावा, कारण लिनक्स ५.२ पासून मिळणारा ‘मिटिगेशन्स=ऑफ’ स्पेक्टर या मेल्टडाउनच्या जोडीच्या त्रुटीवरील उपायांसह इतर संरक्षणेही काढून टाकतो, आणि उत्साहात नेमका तोच दिला जातो.

नव्या प्रोसेसरचा पर्याय ऐकायला सोपा वाटतो. एएमडीच्या प्रोसेसरांना मेल्टडाउनची बाधा होत नाही आणि इंटेलने २०१९ च्या कॅस्केड लेक झिऑनमध्ये दुरुस्ती हार्डवेअरमध्येच केली, म्हणून अशा यंत्रावर लिनक्स केपीटीआय आपोआप वगळतो. पण स्पेक्टरवरील उपाय तिथेही चालूच राहतात, त्यामुळे केवळ केपीटीआय टाळण्यासाठी सर्व्हर बदलणे हा महागडा सौदा ठरतो. वीजबिल, सुटे भाग किंवा मेमरीची मर्यादा यांमुळे बदल करायचाच असेल, तर हा लाभ सोबत मिळतो, इतकेच.

म्हणून जुन्या सर्व्हरवर केपीटीआय चालू ठेवणे हीच सर्वसाधारण शिफारस. शंका असल्यास आपल्याच कामाचा भार देऊन दोन्ही स्थितींत मोजणी करावी. त्यासाठी सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. आपल्याकडे अनेक भागांत देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची पद्धत असल्याने तो मुहूर्त आयताच मिळतो. मोजणी संपल्यावर सिस्टिमच्या ‘व्हल्नरेबिलिटीज’ फोल्डरमधील ‘मेल्टडाउन’ ही फाइल वाचावी: तिथे ‘मिटिगेशन: पीटीआय’ असे दिसले तर संरक्षण पुन्हा चालू झाले आहे, आणि ‘व्हल्नरेबल’ दिसले तर चाचणीसाठी दिलेला पॅरामीटर बूटच्या ओळीत तसाच राहून गेला आहे.