देखभाल विभागासाठी फ्लूक ६२ मॅक्स

कारखान्यात फिरत्या मोटरचे बेअरिंग किंवा चालू पॅनेलमधील केबलची जोडणी तापली आहे की नाही, हे हात न लावता पाहायचे असेल, तर फ्लूक कंपनीचा ६२ मॅक्स हा अवरक्त तापमापक घेण्याजोगा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा पल्ला उणे ३० ते ५०० अंश सेल्सिअस आहे, वाचन अर्ध्या सेकंदाच्या आत मिळते आणि एका पेन्सिल सेलवर तो चालतो. तीन मीटर उंचीवरून पडला तरी टिकेल अशी त्याची बांधणी आहे. शिडीवर चढून काम करणाऱ्यांना या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

मात्र पडद्यावरचा आकडा नेमका कशाचा आहे, हे वापरणाऱ्याला ठाऊक हवे. लाल लेसर तापमान मोजत नाही, तो केवळ नेम धरण्यासाठी आहे; मोजले जाते ते पृष्ठभागातून बाहेर पडणारे अवरक्त प्रारण, आणि तेही एका बिंदूचे नव्हे, तर संपूर्ण वर्तुळाचे. या यंत्राचे अंतर आणि वर्तुळाचा व्यास यांचे गुणोत्तर १०:१ असल्यामुळे एक मीटरवरून आपण सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाच्या भागाची सरासरी वाचत असतो, आणि त्यात लहानसा तापलेला स्क्रू सहज हरवून जातो. अर्थात, चालू पॅनेलच्या जवळ जाण्याला सुरक्षित अंतराची मर्यादा आहेच, त्यामुळे लहान टर्मिनलसाठी हे यंत्र अपुरे पडते.

याहून मोठा घोटाळा चकचकीत धातू करतो. रंग दिलेला पृष्ठभाग, रबर किंवा केबलचे आवरण यांची उत्सर्जनक्षमता, म्हणजे अवरक्त प्रारण बाहेर टाकण्याची क्षमता (कमाल १), ०.९५ च्या आसपास असते, तर घासून चकाकवलेल्या अ‍ॅल्युमिनियमची ०.१ पेक्षाही कमी असू शकते. त्यामुळे उघडा बसबार (पॅनेलमधील वीज वाहून नेणारी धातूची पट्टी) प्रत्यक्षात चांगलाच तापलेला असताना आकडा खूपच कमी दिसतो आणि पाहणारा निर्धास्त होतो. उत्सर्जनक्षमता बदलण्याची सोय यात आहे, परंतु इतक्या कमी मूल्यांवर आसपासच्या वस्तूंचे परावर्तित प्रारण वाचन बिघडवते. म्हणून पॅनेलमध्ये मी बसबारऐवजी त्याला जोडलेल्या केबलच्या आवरणावर, लगच्या (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडतुकड्याच्या) अगदी जवळ, नेम धरतो आणि तिन्ही फेजची तुलना करतो. पृष्ठभाग सारखे आणि भारही सारखा असताना एकच फेज ठळकपणे गरम दिसला, तर सैल जोडणीचा संशय घ्यायला तेवढे पुरेसे असते. पॅनेलवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे झाकण असेल, तर वाचन त्या झाकणाचे मिळते, आतल्या जोडणीचे नाही. ही गोष्ट नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगावी.

वातानुकूलित खोलीतून थेट भट्टीजवळ नेल्यास यंत्राला सभोवतालच्या तापमानाशी जुळण्यासाठी अर्धा तास द्यावा. भिंग स्वच्छ ठेवावे.

५०० अंशांच्या वर काम असेल किंवा थोड्या लांबून मोजायचे असेल, तर ६५० अंशांपर्यंतचा आणि १२:१ गुणोत्तराचा ६२ मॅक्स प्लस घ्यावा. त्यातील दोन लेसर मोजल्या जाणाऱ्या भागाच्या रुंदीचा अंदाजही देतात. ताप पाहण्यासाठी मात्र यांपैकी काहीच वापरू नये. ६२ मॅक्सची अचूकता अधिक-उणे दीड अंश आहे. बेअरिंगसाठी ती उत्तम, पण माणसाच्या बाबतीत तेवढ्या फरकात निरोगी व्यक्ती तापाची रुग्ण ठरू शकते. त्या कामासाठी कपाळाचे तापमान मोजणारा वैद्यकीय तापमापकच घ्यावा.