ट्रिप कधी झाला? तास मोजणारा ड्राइव्ह की घड्याळवाला

रात्री ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) ट्रिप होतो, म्हणजे फॉल्ट येऊन बंद पडतो, ऑपरेटर रिसेट मारून मोकळा, आणि सकाळी साहेब विचारतात किती वाजता झालं. इथेच तास मोजणारा आणि घड्याळवाला या दोन्ही प्रकारांतला फरक कळतो.

पहिल्या प्रकारात फॉल्टसोबत फक्त तासांचा काउंटर येतो. समजा लॉगमध्ये १८४२६ तास आहेत आणि आत्ता काउंटर १८४३२ दाखवतोय, म्हणजे सहा तासांपूर्वी, सोपं आहे. पण मधे सप्लाय दोन तास गेला असेल तर काउंटर तेवढा वेळ थांबलेला, मग सगळा हिशोब चुकतो, आणि काही ड्राइव्हमध्ये काउंटर मोटर फिरते तेवढाच पुढे सरकतो, ते मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या. फायदा एकच, सेट करायची कटकट नाही.

दुसरा घड्याळवाला. थेट तारीख आणि वेळ, मग फीडरच्या (ड्राइव्हला वीज देणाऱ्या लाइनच्या) लॉगशी जुळवून बघता येतं की व्होल्टेज आधी पडलं की ड्राइव्ह आधी गेला. पण घड्याळ सेट केलेलं हवं ना! डॅनफॉसच्या एफसी १०२ ला बॅकअप मॉड्यूल नसेल तर पॉवर गेल्यावर तारीख थेट १ जानेवारी २००० ला परत जाते. एबीबीच्या एसीएस ५५० मध्ये तर दोन्ही आहे, घड्याळ चालू असेल तर तारीख, नाहीतर पॉवर आल्यापासूनचे दिवस.

माझं मत घड्याळवाल्यालाच, फक्त शटडाउनला सगळ्या ड्राइव्हची वेळ स्काडाशी (प्लांटवर लक्ष ठेवणाऱ्या कॉम्प्युटर सिस्टिमशी) मिळवून घ्यायची. आणि रिसेटच्या आधी स्क्रीनचा फोटो काढायचा, मागच्या फोटोत करंट आणि डीसी बस व्होल्टेज (ड्राइव्हच्या आतलं डीसी व्होल्टेज) दिसलं म्हणूनच कळलं की दोष केबलचा नाही, सप्लायचाच होता.